छत्तीस तासांची शाळा

आजच्या भाषणाचा विषय माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तराच्या तोंडी शोभणारा नाही, हे आरंभीच कबूल करतो. ज्याने आयुष्यभर खडू आणि फळा यांपलीकडे कोणतेही यंत्र हाताळले नाही, त्याने संगणक कंपनीच्या हॅकेथॉनविषयी बोलावे, हे सोवळ्यातल्या भटजींनी कुस्तीच्या डावपेचांवर व्याख्यान देण्यासारखेच झाले. परंतु या आखाड्यात मी प्रत्यक्ष उतरलो होतो आणि पाठीला मातीही लागली होती. तेव्हा ऐकीव गोष्टी सांगत नाही, एवढे समाधान श्रोत्यांनी मानून घ्यावे.

प्रथम या चमत्कारिक शब्दाविषयी. 'हॅक' म्हटले की आपणांस संगणकातील चोरीच आठवते; पण येथे त्याचा अर्थ युक्तीने, झटपट काही जुळवून आणणे असा आहे. त्याला मॅरेथॉन शर्यतीचे शेपूट जोडले की हॅकेथॉन होते. १९९९ च्या जून महिन्यात कॅनडातील कॅलगरी शहरी ओपनबीएसडी या संगणकप्रणालीवर काम करणारे दहा जण एकत्र जमले. गुप्तलिपीच्या प्रणाली परदेशी पाठविण्यावर अमेरिकेत कायद्याचे निर्बंध होते, म्हणून हे काम अमेरिकेबाहेर करणे त्यांना भाग होते. त्या बैठकीला हे नाव मिळाले. आपल्याकडे २०१७ साली सरकारनेच विद्यार्थ्यांसाठी सलग छत्तीस तासांची अशी स्पर्धा सुरू केली, आणि कंपन्यांतून तर ती आता वार्षिक स्नेहसंमेलनासारखी झाली आहे. ठरावीक वेळात चार-सहा जणांच्या तुकडीने एखादी अडचण निवडावयाची, तिच्यावर तोडगा काढावयाचा आणि तो चालवून दाखवावयाचा, असे तिचे थोडक्यात स्वरूप.

२०२५ च्या जुलै महिन्यात हिंजवडीच्या एका कंपनीने अशी स्पर्धा लोणावळ्याच्या एका हॉटेलात भरविली. विषय दिला होता 'पावसाळ्यातील मावळ'. प्रत्येक तुकडीने या भागाची माहिती असलेला एक स्थानिक मनुष्य बरोबर घ्यावा, असा एक नियम होता. त्या कंपनीत माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचा निरोप आला, "गुरुजी, आमच्या तुकडीत तुम्ही या." मला मोह आवरला नाही. चौथीत ज्याला भागाकार येत नव्हता, त्याने आपल्याला सल्ल्यासाठी बोलवावे, यातील सुख शिक्षकालाच कळेल.

विषय निवडण्यास वेळ लागला नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते दृश्य सर्व देशाने पाहिले होते. १५ जून २०२५ रोजी, म्हणजे आमच्या स्पर्धेच्या जेमतेम महिनाभर आधी, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चौघे दगावले होते. पाणी वाढत असल्याची सूचना लोकांना वेळेवर कशी मिळेल, हा प्रश्न आम्ही घेतला.

शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता घंटा झाली. तुकडीत मी धरून सहा जण: माझा विद्यार्थी, विदर्भातील एक हुशार मुलगी, पडद्यावरची चित्रे आखणारा एक कलावंत आणि दोघे अबोल तरुण, ज्यांची बोटे त्यांच्या वतीने बोलत. सर्वांनी माझ्याकडे वळून विचारले, "गुरुजी, लोकांना नेमके काय हवे?"

येथे माझी पहिली चूक झाली, आणि पुढच्या सर्व चुकांचे मूळ तीच होती. मी उभा राहिलो. बसल्याजागी सांगता आले असते; परंतु सवय! लोकांना शिस्त हवी, ठिकठिकाणी फलक हवेत, काय करावे आणि काय करू नये याचे नियम त्यांना वाचावयास मिळाले पाहिजेत, असे सुमारे वीस मिनिटे मी सांगत होतो. मुलांनी ते अक्षरशः टिपून घेतले. रात्री दोनपर्यंत त्यांनी एक सुबक मोबाईल ॲप तयार केले. त्यात मावळचा नकाशा होता, धोक्याच्या जागी तांबडे ठिपके होते, आणि ठिपक्यावर बोट ठेवताच माझेच भाषण बारीक टायपात उमटत होते. मला ते फार आवडले.

कुंडमळ्याच्या पुलावर धोक्याचा फलक होता, ही गोष्ट वर्तमानपत्रांतून आम्ही सर्वांनीच वाचली होती. फलक होता आणि माणसे पुलावर होती. तरी आदल्या महिन्याची ही गोष्ट त्या रात्री आमच्यापैकी एकालाही आठवली नाही.

शनिवारी सकाळी त्या मुलीने हट्ट धरला की, हे प्रकरण प्रत्यक्ष जागेवर नेऊन पाहू. बाकीच्यांना वेळ दवडणे पसंत नव्हते. ती आणि मी असे दोघेच गाडीने भाज्याला गेलो. श्रोत्यांपैकी अनेकांनी भाजे पाहिले असेल. मळवली स्टेशनापासून पाऊणएक कोसावर, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांखाली हे गाव आहे; डोक्यावर विसापूरचा विस्तीर्ण माथा. त्या माथ्यावर पडलेले पाणी उघड्या काळ्या कातळावरून खाली येते. त्याला वाटेत अडविणारे, जिरविणारे फारसे काही नाही. त्यामुळे खाली भुरभुर असताना वर ढग फुटल्यासारखा पाऊस होऊन ओढा चढतो, आणि धबधब्याखाली उभ्या असलेल्या माणसाला त्याची कल्पना नसते. १९८९ च्या जुलैत याच गावावर दरड कोसळली होती. भाज्याचे लोक पावसाला ओळखून असतात.

वाटेच्या कडेला प्लास्टिकच्या कापडाखाली एक वयस्क बाई भजी आणि मक्याची कणसे विकते. तिच्याकडे आम्ही चहा घेतला आणि मुलीने मोठ्या अदबीने तिला ॲप दाखविले. म्हणजे दाखवावयाचा प्रयत्न केला. कारण त्या खबदाडात रेंज तुटली होती आणि नकाशाच्या जागी एक चाक गरगर फिरत होते. बाईने ते चाक पाहिले आणि म्हणाली, "पोरी, पान्यात उतरल्यावर मोबाईल कोन बघतंय? त्यो तर पिशवीत ऱ्हातो."

"मग पिशवी कुठे राहते, मावशी?" मुलीने विचारले.

बाईने हनुवटीने समोर दाखविले. ओढ्याकाठी एका दगडावर एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या भोवती दहा-बारा चपलांचे जोड, चार पिशव्या, मांडीवर एक तान्हे मूल. कुटुंबातील बाकी सारी मंडळी पाण्यात. जरा पलीकडे दुसऱ्या कुटुंबाचे असेच एक आजोबा छत्री घेऊन बसले होते. मी मोजू लागलो. आलेल्या प्रत्येक कुटुंबातले कोणी ना कोणी असे काठावर सामान राखीत बसलेले होते.

श्रोतेहो, या ओढ्यांच्या प्रदेशात मी पस्तीस वर्षे शिकविले, शेकडो वेळा या वाटेने गेलो, पण ही आजी मला कधी दिसली नव्हती. आपण कुटुंबासह आमच्याकडे पावसाळ्यात येता, तेव्हा आपल्या घरातील काठावर बसणारे माणूस कोण, याचा क्षणभर विचार करून पाहावा.

मुलीने पुढे विचारले, "मावशी, पाणी चढणार हे तुम्हाला कसे कळते?" बाई म्हणाली, ओढ्याचा आवाज बदलतो, पाणी तांबूस गढूळ होते, काटक्या आणि पाचोळा वाहून येऊ लागतो. तसे दिसले की ती प्रथम स्टोव्ह उचलते. मग लोकांना ओरडून सांगता का, असे विचारता ती म्हणाली, "सांगते की. धबधब्याच्या आवाजात ऐकू कुनाला जातंय? अन् ऐकलं तरी म्हनत्यात, म्हातारीला भजी खपवायचीत."

तिचे हे बोलणे ऐकताच मला घाम फुटला. १९८७ साली मी चौथीच्या चौतीस मुलांना घेऊन वनभोजनाला गेलो होतो. अशाच एका ओढ्याच्या मधल्या खडकावर आम्ही डबे सोडले होते. एक गुराखी पोरगा आला आणि म्हणाला, "मास्तर, पाण्यात पाला यायला लागलाय, पोरं उचला." मी त्याला दटावणार होतो, पण त्याने माझी वाट न पाहता दोन लहान मुलांचे हात धरून त्यांना काठाकडे ओढले, म्हणून बाकीचेही उठले. पाव तासात तो खडक दिसेनासा झाला. ही गोष्ट मी पुढे दरवर्षी वर्गात सांगत असे. 'निसर्गाचे निरीक्षण' या पाठाला तिचा फार उपयोग होई. आणि आदल्या रात्री, जेव्हा मला तिच्याविषयीच जणू विचारले जात होते, तेव्हा मी शिस्त आणि फलक यांवर बोलत राहिलो. गोष्ट माझ्या पाठात होती, डोक्यात नव्हती.

परत आल्यावर मुलीने रात्रीचे सारे काम बाजूला ठेवावयास सांगितले. यावर मोठा वाद झाला. सतरा तास उलटले होते. ज्या कलावंताने तांबडे ठिपके आखले होते त्याचा चेहरा मला पाहवेना. त्या वेळी मी मुलांना बोरघाटातील जुन्या रेल्वेची हकिगत सांगितली. १८६३ साली घाटाचा मार्ग खुला झाला तेव्हा खंडाळ्याच्या खाली एके ठिकाणी चढण आणि वळण एकदम साधेना, म्हणून तेथे उलटे स्टेशन बांधले होते. गाडी तेथे येऊन थांबे, आणि मग जे तोंड होते त्याच्या उलट दिशेने निघून पुढचा घाट चढे. १९२९ साली नवा मार्ग होईपर्यंत, म्हणजे सहासष्ट वर्षे, मुंबई-पुण्याचे सर्व प्रवासी असे मध्येच पाठमोरे होऊन घाट चढत आले. ही हकिगत ऐकून पोरे पटली, की माझ्या वयाकडे पाहून गप्प बसली, ते ठाऊक नाही. कामाला मात्र लागली.

नवी कल्पना साधी होती. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक भोके पाडलेली प्लास्टिकची नळी उभी करावयाची. तिच्यात चुंबक बसविलेला एक तरंगता चेंडू. पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत चढले की चेंडूबरोबर चुंबक वर येतो, नळीबाहेरची कळ मिटते, आणि एक लहान बिनतारी डबा खाली काठावरील दुसऱ्या डब्याला संदेश धाडतो. तेथे भोंगा वाजतो आणि तांबडा दिवा लागतो; पिशव्या राखणाऱ्या माणसाच्या अगदी समोर. मोबाईल नको, रेंज नको. या बिनतारी पद्धतीला लोरा म्हणतात. अत्यंत थोड्या विजेवर, मोकळ्या जागी, ती मैलभर आणि त्याहूनही दूर संदेश पोहोचविते. आपल्या देशात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा अशा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यावाचून खुला आहे. अबोल तरुणांपैकी एक जण मोटारसायकलीवरून पुण्यास गेला आणि पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून दोन्ही डब्यांचे साहित्य घेऊन दिवेलागणीला परतला. चेंडू हॉटेलच्या प्लंबरने दिला. तो कोणत्या टाकीतून काढला, हे आम्ही विचारले नाही.

मध्यरात्री सर्व जुळले, पण संदेश काही जाईना. तीन तास गेले. मुले एकमेकांवर चिडू लागली. शेवटी ती मुलगी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "गुरुजी, मी तुम्हाला ओळीन् ओळ वाचून दाखवते, तुम्ही फक्त ऐका." मला एक अक्षर कळत नव्हते. मी मान डोलावीत होतो. चाळिसाव्या की पन्नासाव्या ओळीवर ती एकाएकी थांबली आणि हसू लागली. एक डबा ८६५ वर बोलत होता आणि दुसरा ८६८ वर कान लावून बसला होता! शाळेत गणित अडलेल्या मुलाला आम्ही म्हणत असू, "फळ्याजवळ ये आणि मोठ्याने सांग." निम्म्या वेळा तो सांगता सांगताच आपली चूक पकडी. तीच ही युक्ती. फरक इतकाच की या खेपेस अज्ञानी श्रोत्याची भूमिका मास्तरांकडे होती, आणि ती त्यांना उत्तम साधली.

पहाटे सहाला घंटा झाली तेव्हा बादलीत पाणी ओतताच भोंगा वाजत होता.

आता माझी दुसरी चूक, जी मला अजून सलते. परीक्षकांपुढे प्रत्येक तुकडीला चार मिनिटे होती. प्रास्ताविक मी करावे असे ठरले, एका मिनिटाचे. मी प्रास्ताविकात एक गणित घातले. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होते. तर शंभर हेक्टरांच्या माथ्यावर तासाभरात पन्नास मिलिमीटर पडला म्हणजे पाच कोटी लिटर पाणी एका ओढ्याकडे धाव घेते. गणित बरोबर आहे आणि श्रोत्यांनी ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परंतु ते मी समजावून देऊ लागलो, उदाहरणे देऊ लागलो, "कळले का?" असेही एकदा विचारले. माझ्या विद्यार्थ्याने माझा सदरा मागून ओढला तेव्हा साडेतीन मिनिटे झाली होती. मुलीने बादली उचलली, पाणी ओतावयास वाकली, आणि वेळ संपल्याची घंटा झाली. भोंगा वाजलाच नाही. छत्तीस तासांत मी एकंदर दोन भाषणे केली. एकाने तुकडीची रात्र खाल्ली आणि दुसऱ्याने तिचे बक्षीस.

बक्षीस दुसऱ्या एका तुकडीला मिळाले. पर्यटकांनी गाड्या वाटून घ्याव्या, रस्त्यावर कोंडी होऊ नये, अशी त्यांची योजना होती आणि ती चांगली होती. तिच्यावर माझा राग नाही. मुलांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट परतताना त्या कलावंताने माझी पिशवी उचलून घेतली. एखादा रागावला असता तर बरे वाटले असते.

अशा स्पर्धांतील वस्तूंचे पुढे काय होते? बहुधा काही होत नाही. सोमवारी जो तो आपल्या कामावर जातो, आणि डबे कपाटात जातात. हे वाईटच आहे असे मी म्हणत नाही. वर्गात काढलेली सगळीच चित्रे भिंतीवर लावावयाची नसतात. पण त्या मुलीला चैन पडेना. ऑगस्टातील एका रविवारी ती आणि माझा विद्यार्थी डबे घेऊन माझ्या दारी आली. भजी विकणाऱ्या बाईच्या दिराचे शेत एका लहान ओढ्याला लागून आहे. त्याच्या परवानगीने आम्ही तेथे नळी रोविली आणि भोंगा बांधावर ठेवला.

त्या एका दिवसात भोंगा तीन वेळा वाजला आणि तीनही वेळा पाणी चढलेले नव्हते. सागाचे एक भले मोठे पान नळीच्या भोकांवर बसून आतले पाणी तुंबे आणि चेंडू वर जाई. पहिल्या भोंग्याला बांधावरची सर्व माणसे धावली, दुसऱ्याला दोन आली, तिसऱ्याला कोणी मान वर केली नाही. सायंकाळी पाणी खरेच वीतभर चढले, तेव्हा चेंडू नळीत साचलेल्या गाळात रुतून बसला होता. भोंगा मुकाच. हॉटेलातल्या बादलीत ना पान होते, ना गाळ.

बाई हे सारे दिवसभर पाहत होती. ती म्हणाली, "गुरुजी, ह्यो डबा लांडगा आला म्हनतोय. उद्या खरा लांडगा आला तर मी बी न्हाई उठायची." ही गोष्ट मी तिच्या मुलाला शिकविली होती. मग तिनेच सुचविले की नळीभोवती मासे धरावयाच्या टोपलीसारखे बांबूचे जाळीदार कुंपण करावे, पाला बाहेरच अडकेल. मुलीला त्यावरून आणखी एक सुचले: एकाऐवजी दोन चेंडू, दोन वेगळ्या नळ्यांत, कमी-अधिक उंचीवर; खालचा आधी आणि वरचा मागाहून उचलला गेला तरच भोंगा वाजावा. नुसता वरचाच उचलला तर तो पानाचा खोडसाळपणा समजावा. गाळासाठी नळी तळाशी उघडी ठेवून खडकापासून चार बोटे वर बांधावयाची आहे.

टोपली बाईच्या दिराने विणून दिली आहे. दुसऱ्या नळीला भोके पाडण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि ते मी घरी पडवीत बसून करतो. ज्येष्ठाच्या आत ती ओढ्यात उभी करावयाची, असे ठरले आहे. त्या दिवशी मी काही बोलावयाचे नाही, हेही मुलांनी आताच ठरवून टाकले आहे.